सहा झाडं आणि एक उंच बाई

शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. सकाळी आठ वाजता मी कायद्याच्या बाजूची होते आणि दहा वाजता नव्हते, एवढं सोडलं तर अगदी साधा.

आठ वाजता मागच्या अंगणात पापा येर्बावर, म्हणजे आमच्याकडच्या कडू चहाच्या पाल्यावर, गरम पाणी ओतत होते. तुंबा एक, नळी एक, थर्मास एक, आणि आमच्या घरात ओतणाराही एकच. ते भरून देणार, आपण नळीने ओढून तळ वाजवायचा आणि तुंबा परत करायचा, मग पुढच्याची पाळी. पुरे झालं की परत करताना ‘आभारी आहे’ म्हणायचं. अधेमधे म्हणायचं नाही. म्हटलं की तुमची पाळी संपली. ते म्हटलं नाही तर ओतणाऱ्याने देत राहायचं आणि तुम्ही पीत राहायचं, मग घर का पेटेना. आमच्या मिनास गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला, या नोटरी मिर्ताबाईला, मात्र चोपन्नाव्या वर्षीही ते जमलेलं नव्हतं. मी कधीच तसं म्हणत नसे. फोन वाजला की उठायचे, अशील आलं की उठायचे.

“नोटरीबाई दस्त उघडा टाकून चालल्या,” पापा मागून म्हणायचे. “शेवटची सही राहिली.”

लहानपणी मला वाटायचं, ते शब्द तोंडातून गेले की पापा पुन्हा कधीच भरून देणार नाहीत. मोठेपणी कारण गेलं, सवय राहिली.

त्या सकाळी ते एकही थेंब न सांडता ओतत होते आणि मी त्यांच्या हातांकडे बघत नसल्याचं नाटक करत होते. या हातांसाठीच सगळा उपद्व्याप चाललेला होता. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या बोटांचे सांधे अक्रोडासारखे सुजले. मग सकाळची थरथर सुरू झाली. एके दिवशी कढत पाणी तुंब्यात न पडता माझ्या मनगटावर पडलं. पापांनी चट्टा पाहिला, थर्मास माझ्यापुढे सरकवला आणि माझ्या लहानपणच्या लाडक्या नावाने म्हणाले, “आजपासून तू ओत, नेना.” राजे लोक गादी सोडताना निदान तोफा तरी उडवतात.

मी तीन आठवडे ओतलं. तीन आठवडे ते निमूट माझ्या हातचं प्यायले. रोज तिसऱ्या तुंब्याला ‘आभारी आहे’ म्हणायचे आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस दिवसा पडून राहायला लागला की पुढे काय होतं, हे मी अशिलांच्या मृत्युपत्रांत पुरेसं वाचलेलं आहे. मला त्यांचा हात परत हवा होता. दुसरं काही नको होतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या भिंतीपलीकडे नेल्बाबाई, इकडच्या मानाने डोन्या नेल्बा, राहतात. पुढच्या खोलीत बायकांचे केस रंगवतात, आणि रंग मुरेपर्यंत त्या डोक्यांतून निघालेली माहिती भिंतीवरून आम्हाला पुरवतात.

“गांजाचं तेल दे त्यांना,” त्या म्हणाल्या. “नशा येते ते नव्हे ग, दुसरं. सीबीडी. माझ्या एका गिऱ्हाइकाची आई ऐंशीची, त्या तेलावर स्वेटर विणते आता.”

“विणायला लावू नका म्हणजे झालं,” पापा आतून म्हणाले.

समोरचे वॉशिंग्टन आयुष्यभर लांबच्या बसमध्ये तिकीट तपासनीस होते. त्यामुळे कुठल्याही वाक्यावर त्यांना आधी संशय येतो, आणि स्वतःच्या वाक्याला ते ‘बो’, म्हणजे ‘गड्या’, जोडतात. “असलं काही नसतं बो. सांध्यांना मधमाशी चावून घ्यायची. माझ्या मेव्हण्याने घेतली.”

“मग?”

“बरा झाला. तोंड महिनाभर सुजलेलं होतं, पण बोटं सुरेख.”

डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं, की चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. थोडा आराम पडेल, कदाचित नाहीही पडणार. रक्तदाबाच्या गोळीशी जमतं का ते मी पाहतो, आणि थेंब मोजून द्या. त्यांनी लिहून दिलेली बाटली मिळायची, पण कधी मिळेल ते कुणालाच ठाऊक नसायचं. मधल्या काळात पापा भिंतीकडे तोंड करून. शेवटी मी ठरवलं, आमच्या देशात कायदा घरी सहा झाडांना परवानगी देतो, तर गांजाची झाडं घरीच लावू. रीतसर नोंद करून. माझ्यासारख्या बाईला रीतसर या शब्दाचं जे वेड असतं, त्याला औषध नाही.

नोंदणी कार्यालयात पापांचं बोट यंत्रावर ठेवलं. यंत्राने नकार दिला. दुसरं बोट ठेवलं. नकार. दहाही बोटं झाली. चाळीस वर्षं सर्व्हेअर म्हणून पोलादी फीत ओढून आणि वरून म्हातारपण येऊन रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या.

“यंत्राच्या मते इथे माणूसच नाहीये,” खिडकीमागची मुलगी म्हणाली.

“यंत्राला सांगा, मी घरी गेलो,” असं म्हणून पापा खरोखरच चालू लागले.

म्हणून नोंद माझ्या नावाने झाली. त्यातही घरमालकाची संमती हवी होती, आणि घर निघालं आईच्या नावावर. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी अख्ख्या गावाचे वारसा हक्क लावून देते. स्वतःच्या घराचा लावलेला नव्हता. खिडकीमागच्या मुलीने माझ्या हुद्द्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. दिव्याखालचा अंधार असा छापील अर्जावर सापडला की फार उजेड पडतो. तीन महिने धावपळ केली. शेवटी मी शपथेवर लिहून दिलं, की या घरात फुलावर येणारी झाडं सहा असतील, त्यापेक्षा जास्त नाहीत. माझी सही असलेला कागद या देशात खराच समजला जातो. मीही तसंच समजत आले होते.

पहिल्या वर्षी सहा बिया लावल्या. चार उगवल्या. त्यातली दोन झाडं नर निघाली. नराचा पराग उडाला की मादीची फुलं बियांनी भरून वाया जातात, म्हणून ती उपटली. तिसरं पानकाप्या मुंग्यांनी रातोरात नेलं, अक्षरशः नेलं, सकाळी भिंतीवरून हिरवी मिरवणूक चालली होती. उरलं एक. त्याची फुलं मी मंद आचेवर भट्टीत सुकवली. सगळ्या गल्लीला वास गेला. वॉशिंग्टन पंक्चरलेल्या टायरचा चेहरा करून दारात उभे राहिले. ती फुलं ऑलिव्हच्या तेलात मुरवली, आणि एक लहान बाटली भरली.

त्या बाटलीने काय केलं ते मी शपथेवर सांगणार नाही. पापा सकाळ-संध्याकाळ जिभेखाली थेंब घेत आणि चेहरा कारल्यासारखा करत. महिन्याभराने त्यांना झोप लागायला लागली. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातातून थर्मास काढून घेतला. ओतलं, आणि मला दिलं. थोडं बशीत सांडलं. मी ते पाहिलं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं.

तेलाचा गुण असेल. किंवा त्या वर्षी थंडी कमी पडली म्हणून असेल. किंवा पहाटे उठून मुंग्यांशी लढायला कारण मिळालं म्हणून असेल. पण बाटली हिवाळा संपता संपता तळाला गेली, आणि थरथर परत डोकवायला लागली. पुढच्या हिवाळ्याला पुरेल एवढं तेल हवं होतं.

दुसऱ्या वर्षी पापांनी सात बिया लावल्या.

“सहा, पापा. मी शपथेवर सहा लिहिलंय.”

“सर्व्हेअर एक खुंटी जास्त नेतो. गेल्या वर्षी सहातलं एक उरलं. निम्मी नर निघतील, तू कसली घाबरतेस?”

सातही उगवल्या. मग आम्ही नराची वाट बघू लागलो. रोज पहाटे पापा भिंग घेऊन देठाच्या बेचक्यांत डोकवायचे, आणि भिंतीवरून डोन्या नेल्बा विचारायच्या, “लागलं का काही?” जसं काही बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या आहेत. सातही माद्या निघाल्या. मी म्हटलं, एक उपटा. पापांनी भिंग खिशात ठेवलं. “कोणती? तू बोट दाखव.” मी बोट दाखवू शकले नाही. आठवडे गेले. मार्च, म्हणजे इकडचा उन्हाळा, संपत आला आणि झाडं माझ्यापेक्षा उंच झाली. फुलं पिकायला दोन आठवडे उरले होते.

तर त्या गुरुवारी आठ वाजता फोन वाजला, आणि मी नेहमीप्रमाणे काही न म्हणता उठले.

“आम्ही तुमच्या भागात आलोय,” नोंदणी कार्यालयाची एक बाई म्हणाली. “दहा वाजता पाहणीला येते.”

मी अंगणात परत आले. पापांनी माझ्याकडे पाहिलं. “कोण गेलं?”

“मी जाणार आहे. तुरुंगात. पाहणी आहे दहाला.”

सातवं जास्तीचं सापडलं तर सगळीच उपटून नेतील, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. सही माझी. परवाना माझा. पण डोळ्यांपुढे मला तुरुंग दिसत नव्हता. भिंतीकडे तोंड केलेली पाठ दिसत होती.

“कापते,” मी म्हटलं आणि कात्री आणली.

“दोन आठवडे राहिलेत, नेना.”

“दोन तास राहिलेत, पापा!”

आरडाओरडा ऐकून भिंतीवर डोन्या नेल्बांचं डोकं उगवलं. गोष्ट कळली तसं त्यांनी खाली वाकून शिडी लावली. “इकडे द्या. माझ्याकडे केसांच्या रंगाचा इतका वास आहे की मेलेला घोडा लपेल.”

वॉशिंग्टन आले. त्यांना कुणीच बोलावलं नव्हतं. “तपासनीस झाडं मोजत नाही बो, चेहरे मोजतो,” ते म्हणाले. “मी तीस वर्षं तेच केलं. बिनतिकीट माणूस नेहमी खिडकीबाहेर बघतो. मिर्ता, तू भिंतीकडे बघायचं नाहीस.”

त्या क्षणापासून मला भिंतीशिवाय काही दिसेना.

सातवं झाड रंगाच्या रिकाम्या बादलीत होतं. बादली उचलताना कडी निसटली, माती वॉशिंग्टनच्या बुटात गेली, झाड माझ्या अंगावर कलंडलं आणि माझ्या कोर्टात घालायच्या कोटाला असा वास लागला की तो आजही कपाटात वेगळा टांगलेला आहे. सव्वानऊला झाड वॉशिंग्टनसकट पलीकडे गेलं. डोन्या नेल्बांनी त्याला केस वाळवायच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती गिऱ्हाइकाचं कापड बांधलं आणि शेंड्याला टॉवेल गुंडाळला. मी भिंतीवरून पाहिलं. एखादी उंच, अबोल बाई रंग मुरायची वाट पाहत बसली आहे असं वाटत होतं. खरं सांगते, त्या क्षणी सगळ्यांत प्रतिष्ठित तीच दिसत होती.

दहाला पाच कमी असताना डोन्या नेल्बांच्या दाराची घंटा वाजली. पोलीस प्रमुखांच्या बायकोची दहाची वेळ होती, आणि त्या बाई कधी उशीर करत नाहीत.

दहाला आमची घंटा वाजली.

इन्स्पेक्टर तिशीची, दमलेली, बुटांवर प्रवासाची धूळ. हातात फाइल, काखेत थर्मास नाही. मिनासच्या रस्त्यावर काखेत थर्मास नसलेली बाई म्हणजे जखमीच. पापांनी एका नजरेत ओळखलं.

“थर्मास कुठाय, पोरी?”

“गाडीत फुटला. पहाटे पाचला.” तिने रिकामी काख चाचपली.

“बस.” पापांनी स्वतःची खुर्ची तिच्यासाठी फिरवली. पाठ भिंतीकडे.

तिने आधी झाडं मोजली. बोट दाखवत, एक एक. सहा. फाइलमध्ये लिहिलं. मग तिने नाक वर केलं. “वास जरा जास्त येतो.”

“तो या बाईंचा,” पापा माझ्याकडे हात करत म्हणाले. “सकाळपासून झाडांत घुसून बसतात.”

मी कोटाची बटणं लावली.

तिने बसून फाइल मांडीवर ठेवली आणि पापांनी तिचा पहिला तुंबा भरला. मी थर्मासच्या तोंडाकडे बघत होते. पाणी बारीक धारेने, नळीच्या कडेने, जसं पडायला हवं तसं पडलं. ती प्यायली, तिने तळ वाजवला, तुंबा परत दिला. काही म्हणाली नाही. पापांनी मला भरून दिला. मग तिला. तिने पुन्हा नुसता परत दिला.

तेवढ्यात तिच्या डोक्यामागे, भिंतीच्या वर, टॉवेल दिसला.

उंच बाई चालली होती. पोलीस प्रमुखांच्या बायकोला खुर्ची हवी असणार. म्हणून डोन्या नेल्बा आणि वॉशिंग्टन बादली उचलून मागच्या अंगणात आले होते. टॉवेल दोन पावलं सरकला, थांबला, एका बाजूला कलला, सावरला. भिंतीमागून वॉशिंग्टनची कुजबूज आली, “पाठीत भरलं बो!” आणि डोन्या नेल्बांची, “मेलास तरी सोडू नकोस!”

“शेजारी कोणी आजारी आहे का?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“पार्लर आहे,” मी म्हटलं. “बायका कण्हतात.”

पाचवा तुंबा. सहावा. ती ‘आभारी आहे’ म्हणत नव्हती, आणि तिने म्हटल्याशिवाय पापांना थांबता येत नव्हतं. तिला ऊठ म्हणायची सोय नव्हती, आणि भिंतीपलीकडे दोन माणसं पंचवीस किलोची बादली कवटाळून उभी. खाली ठेवावी तर आवाज होणार, हलावं तर डोन्या नेल्बांच्या मागच्या दाराच्या काचेतून पोलीस प्रमुखांच्या बायकोला दिसणार. मी इन्स्पेक्टरच्या ओठांकडे अशी पाहत होते जशी आजवर कुठल्या न्यायाधीशाकडे पाहिली नाही. म्हण. दोन शब्द आहेत. म्हण.

आठवा. नववा. ती पापांच्या हातांकडे बघत होती.

“किती वर्षांचे तुम्ही, डॉन एलादिओ?” तिने पापांना विचारलं.

“त्र्याऐंशी. पाणी गार होतंय का?”

“नाही. माझे आजोबा ओतायचे. शेवटी त्यांना जमेना. मग आम्ही ओतायला लागलो.” तिने तुंबा परत दिला. “मग ते प्यायचेच बंद झाले.”

पापांनी दहावा भरला. एकही थेंब बाहेर नाही. मी त्यांच्या मानेवरची शीर पाहिली. दोरीसारखी ताठ झाली होती. तेव्हा मला कळलं, की भिंतीपलीकडे दोघं जेवढं वजन धरून उभे आहेत, तेवढंच अलीकडे पापांनी धरलेलं आहे.

अकरावा रिकामा झाला. तिने तळ वाजवला, नळीकडे क्षणभर पाहिलं, आणि तुंबा दोन्ही हातांनी पुढे केला.

“आभारी आहे,” ती म्हणाली.

भिंतीपलीकडे काहीतरी धप्पकन जमिनीवर बसलं.

ती उठली. कागदावर माझी सही घेतली. सहा. मी सही केली. अक्षर माझं नव्हतं. दारापर्यंत गेली आणि फाइल काखेत धरून वळली.

“बाई, शेजारच्या त्या उंच बाईंना सांगा, दोन आठवडे डोकं झाकून ठेवा म्हणावं. ऊन फार आहे.”

आणि गेली. तीस वर्षं मी लोकांच्या सह्या खऱ्या आहेत असं लिहून देत आले. त्या दारात उभी असताना माझी स्वतःची सही मला कुणी खोट्या नोटेसारखी उजेडात धरून पाहिल्यासारखं वाटलं, आणि मग परत खिशात घातल्यासारखं.

अंगणात आले तर पापा थर्मासला बूच लावत होते. लागत नव्हतं. बूच आणि थर्मास एकमेकांवर दातांसारखे वाजत होते. मी हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

“तेलाचा गुण,” ते म्हणाले.

“तेलाचा की हट्टाचा?”

“हे कुणाला लिहून देऊ नकोस म्हणजे झालं.”

संध्याकाळी आम्ही दोघंच बसलो होतो. उंच बाई परत आपल्या जागी उभी होती, एक फांदी मोडलेली. आता भीती उतरली होती, म्हणून मला राग चढला. मी खूप बोलले. माझं नाव, माझा पेशा, खोटी शपथ, वॉशिंग्टनची पाठ, कोट. कशासाठी? एका जास्तीच्या खुंटीसाठी?

पापांनी माझं बोलणं संपेपर्यंत तुंबा धरून ठेवला. मग भरला.

“खुंटी नव्हती ती,” ते म्हणाले. “सहा माझ्या हिशोबाची. सातवी तुझी.”

“माझी कशाला?”

“हात बघ स्वतःचे. आपल्या बिदार्ते घराण्याचे आहेत. गेल्या हिवाळ्यात बरणी उघडताना तू फडकं घेत होतीस. मी बघत नव्हतो असं आपण ठरवलं होतं.” त्यांनी तुंबा दिला. “तुला कोण लावून देणार, नेना? तू एका जागी बसशील तर ना.”

मी प्यायले. काहीतरी म्हणायला हवं होतं. तेवढ्यात फोन वाजला; एका अशिलाचा खरेदीखताबद्दल. मी तुंबा टेबलावर ठेवून उठले.

“शेवटची सही राहिली,” मागून आवाज आला.

शुक्रवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेत हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. तोंड भिंतीकडे नव्हतं. दाराकडे होतं. चुलीवर केटली भरून ठेवलेली होती आणि तुंब्यात कोरडी येर्बा, एका बाजूला उतरती, जशी ते आदल्या रात्रीच लावून ठेवायचे.

लोक आले, गेले. वॉशिंग्टन कमरेला पट्टा बांधून शवपेटीला खांदा द्यायला उभे राहिले. त्यांना कुणी नाही म्हणू शकलं नाही. डोन्या नेल्बांनी माझे केस विंचरून दिले आणि पहिल्यांदाच काही सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी फुलं पिकली. मी सातही झाडांची काढली, सुकवली, तेलात मुरवली. यंदा बाटल्या बऱ्याच भरल्या. सहा झाडांच्या बाटल्या डॉक्टरांकडे नेऊन ठेवल्या. कुणाला द्यायच्या ते त्यांना कळतं. सातव्याची एक घरी ठेवली. तिच्यावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून कोरी आहे.

आज सकाळी गार होतं. मी अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. थेंब मोजून जिभेखाली घेतले. कारल्यापेक्षा कडू आहे, त्यांनी कमीच सांगितलं होतं. मग थर्मास उचलला. बोटं सकाळची ताठ होती, पाणी थोडं बशीत पडलं. पहिला तुंबा ओतणाऱ्याचा असतो. तो मी प्यायले. दुसरा भरला आणि तोही प्यायले, तळ वाजेपर्यंत. आत फोन वाजायला लागला.

मी उठले नाही. तो वाजून थांबला. मग मी तुंबा दोन्ही हातांनी समोरच्या खुर्चीकडे धरला.

“आभारी आहे, पापा,” मी म्हटलं.